रकाना सात

पडद्यावर आलेलं अक्षर आपलंच आहे हे कळायला त्याला दोन क्षण लागले, आणि कळल्यावर पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. या गोष्टीची किळस त्याला नंतर आली, पण पहिल्यांदा बरंच वाटलं हे खरं. परक्या ठिकाणी आपलं अक्षर दिसलं की माणूस खुलतो. हॉटेलच्या त्या गारठलेल्या सभागृहात, दीड-दोनशे माणसांसमोर, भिंतभर पडद्यावर एका जुन्या छापील नमुन्याचा वरचा अर्धा भाग दाखवला होता आणि त्याच्या समासात लाल शाईनं, किंचित उजवीकडे झुकलेल्या नेटक्या अक्षरांत लिहिलं होतं : 'रकाना ७ रिकामा. त्रुटीपूर्ततेसाठी परत.' खाली तारीख होती. तारखेखालची सही पांढऱ्या पट्टीनं झाकली होती. झाकली नसती तरी इथं कोण ओळखणार होतं? त्यानं मात्र 'परत'मधल्या 'त'ची लांब ओढलेली रेघ पाहिली आणि खुर्चीत जरासा ताठ बसला. मग त्यानं तारीख वाचली. चार तारीख. वर्ष आणि महिनाही तोच. त्यानं ती पुन्हा एकदा वाचली.

"हे बघा," पडद्याजवळ उभा असलेला सल्लागार म्हणाला. तिशीचा असेल. अंगात महागाचा निळा सदरा, हातात लाल ठिपका पाडणारी पेनासारखी नळी. "महामारीत आपली यंत्रणा कोलमडली, असं आपण म्हणतो. पण जुन्या गठ्ठ्यांमधून मला असे कागद मिळाले. हा कोणीतरी अनामिक कर्मचारी. यानं अपुरी माहिती पुढे जाऊ दिली नाही. माहितीचा दर्जा म्हणजे काय, हे याला कोणी शिकवलं नव्हतं, पण कळलं होतं. आता आपण एवढंच करतोय, की जे काम हा माणूस टेबलावर बसून करत होता, ते यंत्र करील." लाल ठिपका त्याच्या अक्षरावरून फिरला. मग कागद गेला आणि नवा नमुना आला. पुढच्या महिन्यापासून चाळीस देशांत एकाच वेळी सुरू होणारा, संगणकावर भरायचा. कोणत्याही खेड्यातल्या दवाखान्यात काही वेगळं दिसलं की तिथल्या डॉक्टरनं तो भरायचा आणि चोवीस तासांत जगाला कळायचं. आरोग्ययंत्रणेचं बळकटीकरण. हे शब्द सकाळपासून इतक्यांदा उच्चारले गेले होते की त्यांचा चोथा झाला होता. नव्या नमुन्यातही बारा रकाने होते. सातवा रकाना निदानाचा. त्याच्या डोक्यावर लाल तारा. "तारांकित," सल्लागार म्हणाला. "भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकणारच नाही. रिकामा सोडायची सोयच ठेवलेली नाही." पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी कानावरची दुभाषी यंत्रं सावरत माना डोलावल्या. त्यांना सगळं चार-पाच सेकंद उशिरानं कळत होतं, त्यामुळे माना उशिरानं हलत होत्या.

त्याच्या शेजारच्या माणसानं कॉफीचा कप पुढ्यात ओढला आणि त्याचा वास त्याच्या नाकात शिरला. जळलेल्या रबराचा वास. कॉफी चांगलीच असणार. बिघाड त्याच्या नाकात होता. महामारीच्या त्या आजारात त्याची वासाची जाणीव पार गेली होती आणि चार महिन्यांनी परत आली ती अशी वेडीवाकडी. कॉफीला रबर, साबणाला सडकं पाणी, भाजलेल्या पावाला जुन्या पायमोज्यांचा दर्प. बायकोच्या केसांना कुजलेल्या कांद्याचा वास येतो, हे त्यानं तिला एकदाच सांगितलं आणि त्याचा त्याला अजून पस्तावा होतो. तिनं तीन प्रकारचे साबण बदलून पाहिले. शेवटी "अहो, तुम्ही नाक मुठीत धरून झोपा, मी काही टक्कल करणार नाही," असं म्हणाली आणि दोघंही हसली. नाकाचा डॉक्टर म्हणाला होता, येईल हळूहळू ठिकाणावर. तीन वर्षं झाली. त्याला तर आता वाटायला लागलं होतं की नाक ठीकच आहे, जगच आतून नासलं आहे आणि हे आपल्याला एकट्यालाच कळतं आहे. तसं वाटण्यातही एक बारीक फुशारकी होती. तिचीही त्याला किळस आली.

कचेरीत त्याला रकानेसाहेब म्हणत. नवीन लागलेल्या पोरींना कितीतरी दिवस ते आडनावच वाटायचं. हे नाव त्यानं मिळवलेलं होतं, फुकट मिळालेलं नव्हतं. नोकरीला लागला तेव्हा ज्या हेडक्लार्कच्या हाताखाली तो शिकला, ते म्हणायचे, "हे बघ, रिकामा रकाना म्हणजे भिंतीला पडलेलं भोक. त्यातून आत काय येईल सांगता येत नाही. काही नसेल तर निरंक लिहायला लाव, लागू नसेल तर रेघ मारायला लाव, पण मोकळं म्हणून सोडू नकोस." त्यानं ते मनावर घेतलं. जिल्ह्यातल्या साठ-सत्तर दवाखान्यांचे नमुने त्याच्या टेबलावर यायचे आणि तो प्रत्येकावरून वरपासून खालपर्यंत पेनाचं टोक फिरवायचा. टोक कुठे अडखळलं की त्याला आत कुठंतरी गुदगुल्या व्हायच्या. सापडलं! लाल शाई. परत. डॉक्टरांना लिहायचं कसं हे शिकवण्यात एक मजा होती. माणसं वाचवणारे लोक, मोठमोठ्या पदव्या घेतलेले, आणि रकाना भरता येत नाही. तो कागद आला त्या दिवशीही असंच झालं होतं. डोंगराकडच्या एका लहान दवाखान्यातून आलेला नमुना. सात रुग्ण. वय, पत्ता, लक्षणं, दिलेली औषधं, सगळं कसं व्यवस्थित, गिचमिड पण पूर्ण. सातवा रकाना मोकळा. एकदा नाही, सातही ओळींत मोकळा. उभी पांढरी पट्टी. त्याला ती पट्टी अजून दिसते. दुपारी डोळे मिटले तरी दिसते.

कागद जावकातून परत गेला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण चिडलेला नव्हता. चिडलेला असता तर बरं झालं असतं. "अहो, तुम्ही नमुना परत पाठवलाय," त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "रकाना सात भरलेला नाही मॅडम." "मला निदान माहीत नाही. म्हणून तर कळवतेय. सातजण आहेत, त्यातल्या दोघी माझ्याच वॉर्डातल्या आया. कशालाच दाद देत नाहीयेत. असं मी आजवर पाहिलेलं नाही." "बरोबर आहे, पण रिकामं चालत नाही." "मग निरंक लिहू?" "निरंक म्हणजे आजारच नाही असा अर्थ होतो मॅडम. मग नमुना पाठवलात कशाला, असं वरून विचारतील." पलीकडे लांबवर कोणीतरी खोकत होतं, खोकतच होतं. मग त्या म्हणाल्या, "माहीत नाही असं लिहू का?" आणि तो म्हणाला, "माहीत नाही हे निदान होत नाही, मॅडम."

हे वाक्य त्याला आवडलं होतं. इतकं आवडलं की फोन ठेवल्यावर चहाच्या वेळी त्यानं ते सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या थकलेल्या आवाजाची नक्कलही केली. लोक हसले. कोणीतरी पाठीवर थाप मारली, "रकानेसाहेब, तुम्हाला तोड नाही!" त्या दिवशी चहाबरोबर खारी बिस्किटं होती. त्यानं तीन खाल्ली. हे सगळं त्याला कसं आठवतं? चांगलं काही आठवत नाही. लग्नाच्या दिवशी काय खाल्लं ते आठवत नाही. त्या दिवशी तीन बिस्किटं खाल्ली, तिसरं चहात पडलं आणि ते बोटानं काढून खाल्लं, हे आठवतं.

पंधरा तारखेला नमुना नव्यानं भरून आला, जुना त्याच्या मागे टाचलेला. सातव्या रकान्यात सातही ओळींत एकच शब्द होता : न्यूमोनिया. वेगळ्या शाईनं, इतकं दाबून लिहिलेलं की कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत. त्यानं बोट फिरवून पाहिलं होतं. मग हिरवी खूण केली, 'पूर्ण' असा शिक्का मारला. त्या महिन्याच्या गोषवाऱ्यात न्यूमोनियाचे दोनशे बारा रुग्ण होते, त्यांचे दोनशे एकोणीस झाले. सगळं जमलं. भिंतीला कुठेही भोक नव्हतं. पाच आठवड्यांनी जगानं त्या आजाराला नाव दिलं, तेव्हा त्यानं तो गठ्ठा उघडून पाहिला नाही. उघडायची गरज नव्हती.

हे त्यानं कोणालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? नियमाबाहेर त्यानं काहीही केलेलं नव्हतं. उद्या चौकशी लागली असती तरी त्याच्यावर शिंतोडाही उडाला नसता. नियमांनी त्याला धुऊन स्वच्छ ठेवलं होतं आणि हीच सगळ्यात ओंगळ गोष्ट होती. डॉक्टरीणबाई त्या साथीत वाचल्या. नोकरी मात्र त्यांनी सोडली. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आहे, तिथे आता बसतात असं कोणीतरी सांगितलं. एकदा तो तिथवर गेला होता. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. बाई एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या कानामागे चष्म्याची दांडी नीट बसवत होत्या, मान वाकडी करून, जीभ दातांत धरून. तो वळला आणि घरी आला, आणि बायकोला म्हणाला, चष्म्याचा नंबर तपासायला गेलो होतो, गर्दी होती. खोटं बोलायचीही काही गरज नव्हती. तिनं काही विचारलंच नव्हतं.

बायकोनं मात्र दुसरंच काहीतरी उरावर घेतलं होतं. तिच्या वडलांचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि पुढची तपासणी होती. ते म्हणत होते, पुढच्या महिन्यात जाऊ गं, काय घाई आहे, दिसतंय मला. तिनं ऐकलं नाही. सुट्टी काढली, रिक्षा केली, आणि त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. बाकावर चार तास बसवलं, दोन्ही बाजूंना खोकणारी माणसं. तेरा तारीख होती. बाराव्या दिवशी त्यांना ताप आला. पुढचं घराघरांत झालं तेच : फोनवरचा आवाज, मग फोनवरचा खोकला, मग दुसऱ्याच कोणाचा तरी फोन. "मीच नेलं त्यांना," ती म्हणायची. भांडी घासताना नाही, वाचताना नाही, भलत्याच वेळी, दिवा घालवायला उठताना, चप्पल घालताना. "मीच नेलं हो. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणत होते." आणि तो म्हणायचा, "अगं, तुला काय माहीत होतं? तुझा काय दोष?" हे तो मनापासून म्हणायचा. त्याच्याइतकं मनापासून ते दुसरं कोणी म्हणूच शकलं नसतं. तिचा दोष नव्हता हे त्याला पुराव्यासकट माहीत होतं. चार तारीख आणि पंधरा तारीख, त्यांच्या मधोमध तेरा. तो कागद चारला पुढे गेला असता तर कोणीतरी जाऊन पाहिलं असतं, इस्पितळाच्या दारावर निदान एक पाटी लागली असती. कदाचित. कदाचित नसतीही लागली. या 'कदाचित'वर त्यानं तीन वर्षं काढली. बायको मीठ जास्त झालं म्हणून रडायची, फोनमध्ये बाबांचा जुना फोटो आला म्हणून रडायची, आणि तो 'कदाचित' उराशी धरून गप्प बसायचा. एखाद्या माणसानं इतकं गप्प बसावं?

"तर मग," व्यासपीठावरून संचालक म्हणाले. गोल, हसतमुख माणूस, साथीत रोज टीव्हीवर यायचे, त्यामुळे आता रस्त्यात लोक ओळखतात. "कोणाच्या काही सूचना? नसतील तर नमुना एकमतानं मंजूर आणि जेवायला चला. पाहुण्यांना दुपारचं विमान आहे." लोक हसले. खुर्च्या करकरल्या. मागच्या दारातून झाकणं उघडलेल्या भांड्यांची वाफ आत आली आणि तिचा वास त्याला मेलेल्या उंदरासारखा आला. चाळीस देश. चाळीस देशांत कुठेतरी डोंगराकडचा एक लहान दवाखाना, आणि तिथं एक बाई हा नमुना उघडून बसणार, तिला नाव माहीत नसणार, आणि तारा तिला हलू देणार नाही. फोन करायलाही पलीकडे कोणी नसणार. डॉक्टरीणबाईंना निदान माझा आवाज तरी ऐकायला मिळाला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. तो उभा राहिला. उभा राहायचं असं त्यानं ठरवलेलं नव्हतं. हॉटेलच्या एका मुलीनं धावत माइक आणून दिला.

"तो शेरा माझा आहे," तो म्हणाला.

माइकमधून आवाज फारच मोठा आला. क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग संचालकांनी कपाळावर हात मारला. "अरे, हे तर आमचे रकानेसाहेब! अनामिक कसले, आमचाच माणूस! या, या, पुढे या." आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी मागच्या रांगा, मग चार-पाच सेकंदांनी, दुभाष्याचं सांगून झाल्यावर, पुढच्या रांगेतले पाहुणे. टाळ्यांच्या दोन लाटा आल्या. सल्लागार तर उठून उभा राहिला, दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवायला लागला. आणि तो हसला. ओठ आपोआप फाकले, मान जराशी लवली, सवयीनं. तीस वर्षांत अशा टाळ्या त्याला कधी मिळाल्या नव्हत्या. चेहऱ्यावरचं ते हसू त्याला कातडीवर चिकटलेल्या ओल्या कागदासारखं लागलं. पुसायचं कसं ते कळेना.

"टाळ्या नका वाजवू," तो म्हणाला. दोघं-चौघं हसले, विनय आहे असं वाटून. "नका वाजवू म्हणतोय ना! तो नमुना त्या आजाराचा होता. आपल्याकडचा पहिला. त्या बाईंना निदान माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं, आजाराला नावच नव्हतं. ज्याला नाव नाही त्याचं नाव मी मागितलं. अकरा दिवस गेले. मग त्यांनी न्यूमोनिया लिहून पाठवलं, कारण काहीतरी लिहिल्याशिवाय मी घेणार नव्हतो. मग मी घेतलं. हिरवी खूण केली. खोटं लिहिलं तेव्हा घेतलं, खरं लिहिलं होतं तेव्हा परत केलं. तुमचं यंत्र हेच करणार आहे. लोक काहीतरी नाव टाकतील आणि पुढे जातील, आणि तुम्हाला वाटेल सगळं भरलेलं आहे."

टाळ्या थांबल्या त्याही दोन लाटांनी. संचालक घसा खाकरून म्हणाले, "आपण भावना समजू शकतो. साथीत सगळ्यांनीच खूप सोसलं. यावर जेवणानंतर निवांत," पण पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर पाहुणीनं हात वर केला. कानावरचं यंत्र दाबून धरत ती काहीतरी बोलली आणि दुभाष्याचा सपाट आवाज आला : "तो कागद पूर्ण दाखवता येईल का?" सल्लागार गडबडला. त्यानं कागदाचा वरचा अर्धाच भाग घेतला होता, अक्षर चांगलं दिसावं म्हणून. बटणं दाबता दाबता पूर्ण पान पडद्यावर आलं. सात ओळी. मधोमध उभी पांढरी पट्टी. आणि शेवटच्या रकान्यात, शेऱ्याच्या, सातही ओळींना कवेत घेणारा महिरपी कंस काढून डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं : 'आजार ओळखता येत नाही. कृपया कोणीतरी लवकर येऊन पाहावे.'

सभागृहात कोणीतरी 'अरेरे' म्हणालं. सगळे त्याच्याकडे पाहत होते. तेव्हा आपण ते वाचलंच नव्हतं, असं सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं, आणि कोणी अविश्वास दाखवला नसता. पण त्यानं वाचलं होतं. पेनाचं टोक त्या ओळीवरूनही गेलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात विनंती करायची नसते, त्यासाठी वेगळं पत्र जोडावं लागतं, एवढंच तेव्हा त्याच्या मनात आलं होतं. "मी हे वाचलं होतं," तो माइकमध्ये म्हणाला आणि खाली बसला. पाहुणीनं पुन्हा काहीतरी म्हटलं, संचालकांनी सल्लागाराकडे पाहिलं, सल्लागारानं संगणकावरच्या पोरीकडे. तिनं एक बोट आपटलं आणि सातव्या रकान्यावरचा तारा गेला. एवढंच काम होतं. एका बोटाचं.

जेवणाला तो थांबला नाही. बाहेर संचालकांनी त्याला जिन्यापाशी गाठलं, दंडाला धरलं आणि हसत हसत म्हणाले, "उद्या सकाळी भेटा मला. जे बोललात ते लेखी घेऊन या. पाहुण्यांसमोर काय हो हे!" दंडावरची पकड मात्र हसत नव्हती. तो बरं म्हणाला. रस्त्यावर ऊन होतं. चालता चालता त्याच्या लक्षात आलं की त्याला हलकं वाटतंय. घोटभर पाणी प्यावं, काहीतरी खावं असं वाटतंय. तीन वर्षांची गाठ सुटली होती, आणि सुटली तीही कोणासमोर? ज्यांचं काहीच गेलं नव्हतं अशा दोनशे माणसांसमोर. त्यांना सांगणं सोपं होतं. हे कळलं तेव्हा तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. मग घरी गेला.

बायको खाटेवर वाळलेले कपडे घेऊन घड्या घालत होती. खिडकीतून संध्याकाळचं ऊन तिच्या गुडघ्यांवर आलं होतं. "लवकर आलात?" ती म्हणाली. "जेवलात ना तिथे? का वास आला?" तो दारातच उभा राहिला, बूटसुद्धा न काढता, आणि त्यानं सगळं सांगितलं. सभागृहात सांगितलं तसं त्याला सांगता आलं नाही. मागचं पुढे, पुढचं मागे झालं. फोनवर काय बोललो ते सांगितलं. शेऱ्याचा रकाना वाचला होता तेही सांगितलं. बिस्किटांचंही सांगितलं, का कोण जाणे. ती घड्या घालत राहिली. उशीचा अभ्रा चौकोनी घडी करून गठ्ठ्यावर ठेवला, मग तोच पुन्हा उचलून उलगडला.

"कितव्या तारखेला परत पाठवलात?" तिनं विचारलं.

"चार."

"आणि परत कधी आला?"

"पंधराला."

तिचे ओठ हलले. ती मोजत नव्हती, हे त्याला माहीत होतं. तिला तेरा तारीख मोजायची गरज नव्हती.

"कदाचित वेळेवर पुढे गेला असता तरी," तो म्हणाला, "तरी कदाचित इस्पितळानं काही..."

"गप्प बसा."

खाली कोणीतरी मुलाला हाक मारत होतं, जेवायला ये म्हणून. तिनं अभ्रा मांडीवर पसरला आणि तळहातानं त्याच्या सुरकुत्या काढल्या, एकदा, दोनदा. रडेल असं त्याला वाटलं होतं. ओरडली असती तर त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं असतं, तशी त्यानं मनाची तयारी केली होती. ती यातलं काहीच करत नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती. चेहऱ्याकडे नाही, जरा खाली.

"मी रडायची तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवायचात," ती म्हणाली.

"हो."

"मला झोप लागेपर्यंत फिरवायचात."

"हो."

"तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं."

तो हो म्हणाला की नाही, त्याला स्वतःलाच ऐकू आलं नाही. ती उठली. गठ्ठ्यातून टॉवेल घेतला, त्याच्या अंगाला अंग लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं दारातून गेली, आणि बाथरूमची कडी लागली. सकाळी तिनं अंघोळ केलेली होती. नळ सुटला, बादली भरल्याचा आवाज आला, मग अंगावर पाणी ओतल्याचा, मग पुन्हा बादली भरल्याचा. तो बूट घातलेलेच ठेवून खाटेच्या कडेला टेकला आणि ऐकत राहिला. पाचवी बादली झाली, सहावी झाली, तरी ती बाहेर येईना.